काडेपेटी कुणाकडे आहे?

१

त्या सकाळी गजभियांच्या घरी दूध आलं नाही.

दूध आणायचं काम प्रफुल्लचं. सरकारी क्वार्टर सोडून नोएडाच्या नव्या सोसायटीत राहायला आल्यापासून तो रोज स्टीलची किटली घेऊन बूथवर जायचा आणि घड्याळ लावावं इतक्या नेमाने परतायचा. त्या दिवशी वहिनीने चहाचं आधण उतरवून ठेवलं, दोनदा गॅलरीतून वाकून पाहिलं, आणि मग जिन्यातून काहीतरी गडगडत गेल्याचा आवाज आला. ती किटली होती. प्रफुल्ल जिन्याच्या वळणावर आडवा पडला होता. दातखीळ बसलेली, हातापायांना झटके, आणि दूध एकेक पायरी उतरत खाली चाललेलं.

दुपारी दिल्लीत, मुनिरक्याला, डॉ. पद्माकर नगरकरांच्या घरी फोन वाजला. फोन वाजला की नगरकर आधी घसा साफ करायचे, मग उचलावा की नाही याचा विचार करायचे, आणि तोवर बरेचदा तो बंद पडायचा. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी सबंध नोकरी काढली होती. ताप, जुलाब, रक्तदाब आणि दमा एवढं सोडून आपल्याला काही येत नाही, असं त्यांचं स्वतःबद्दलचं ठाम मत होतं, आणि निवृत्तीनंतर पुस्तकं वाचून ते आणखी ठाम झालं होतं.

आज फोन बंद पडला नाही.

"डॉक्टरसाहेब, जय भीम. दादाराव गजभिये बोलतोय. प्रफुल्लला फिट आली. अ‍ॅडमिट केलंय."

"अरेरे. आता कसा आहे?"

"झोपलाय. तुम्ही याल का?"

"मी? दादाराव, मनाच्या आजारातलं मला काय कळतं? तिथे मोठमोठे डॉक्टर असतील."

"आहेत ना. त्यांचंच म्हणणं ऐकून तुम्हाला फोन केला. ते म्हणतात, त्याच्या अंगात औषध जास्त गेलंय. घरातल्याच कुणीतरी दिलं असणार."

नगरकरांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मग दादाराव म्हणाले, "आणि औषधाच्या कपाटाची किल्ली फक्त माझ्याकडे असते."

२

नगरकर प्रफुल्लला तो कॉलेजात होता तेव्हापासून ओळखत होते. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला त्याला दोन माणसांचे आवाज ऐकू यायला लागले. दोघंही त्याच्याविषयीच बोलायची आणि चांगलं कधीच बोलायची नाहीत. स्किझोफ्रेनिया हा शब्द त्याच्या मोठ्या भावाला, दादारावांना, नगरकरांनीच पहिल्यांदा सांगितला होता.

मग बरीच वर्षं हॅलोपेरिडॉलच्या गोळ्या चालल्या. आवाज थोडे दबले, पण माणूसही दबला. अंग लाकडासारखं ताठ, हात थरथरणारे, चेहरा पुसलेल्या पाटीसारखा. दीड वर्षापूर्वी क्लोझापीन नावाचं नवं औषध सुरू झालं. काही महिन्यांनी एका सकाळी प्रफुल्लने दादारावांना विचारलं होतं, "दादा, आज बाहेर कुणी बोलत नाहीये का?" ते एक वाक्य सांगायला सरकारी खात्यात सेक्शन ऑफिसर असलेले दादाराव ऑफिस सोडून नगरकरांकडे आले होते.

वॉर्डच्या बाहेर डॉ. माथुर भेटल्या. वयाने नगरकरांच्या धाकट्या मुलीएवढ्या, पण न थांबता बोलणाऱ्या.

"सर, पेशंट एवढा झोपाळलेला, तोंडातून लाळ, नाडी पळतेय, आणि वर फिट. टेक्स्टबुक आहे. डोस जास्त झालाय." त्या हिंदीत बोलत होत्या आणि नगरकर मान हलवत होते. "रक्तातलं प्रमाण मोजायची सोय आपल्याकडे नाही, पण मला शंका नाही."

"गोळ्या... गोळ्या कमी भरल्या का?"

"तीच तर गंमत. एकही कमी नाही. रक्ताचा रिपोर्ट दाखवल्याशिवाय हे औषध मिळतच नाही, पांढऱ्या पेशी घटायची भीती असते. महिन्याच्या मोजून देतो. भाऊसाहेबांनी आज उरलेल्या सगळ्या आणून दाखवल्या. हिशोब चोख."

"त्याने गोळ्या न गिळता साठवल्या असतील, आणि एकदम..."

"मीही विचारलं. ते रोज समोर बसवून देतात, जीभ वर करायला लावतात. साठवल्या असत्या तर आधी झोप कमी झाली असती, आवाज परतले असते. उलट झोप गेल्या महिन्याभरात हळूहळू वाढत गेलीय. दारू नाही, दुसरं औषध नाही. बिडी ओढतो, म्हणे, ती जुनीच सवय."

"हो," शेजारी उभे असलेले दादाराव म्हणाले. "ती काय सुटतेय. तंबाखूचा वास तर चोवीस तास."

डॉ. माथुरनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. "सर, मी औषध थांबवलंय. घरात कुणी मनाला येईल तसं देत असेल तर ते पुन्हा सुरू करायचा धोका मी घेणार नाही. सोमवारी जुन्या गोळ्या लिहून देईन."

"जुन्या म्हणजे..."

"हॅलोपेरिडॉल."

दादाराव खाली बाकावर बसले. गळ्यातली किल्ली त्यांनी शर्टाच्या आतून मुठीत धरली होती. "डॉक्टरसाहेब," ते म्हणाले, "ते दोघं परत येतील हो."

कोण दोघं, हे नगरकरांना विचारावं लागलं नाही.

३

शनिवारी सकाळी नगरकर दोन बस बदलून नोएडाला गेले. सोसायटी इतकी नवी होती की लिफ्टच्या जागी अजून भोकच होतं, तिसऱ्या मजल्यापर्यंत चढताना जिन्यात फिनेलचा वास होता. बैठकीच्या खोलीत पांढरा सोफासेट, त्यावर अजून प्लास्टिक. भिंतीवर बुद्धाची तसबीर.

"बसा ना डॉक्टरसाहेब. प्लास्टिकवरच बसा, पाहुणे येईपर्यंत काढायचं नाही असं ठरवलंय," विनयावहिनी म्हणाल्या, आणि स्वतःच ओशाळल्या.

"कोण पाहुणे?"

"मुलीला बघायला, आमच्या समताला. मेश्राम म्हणून आहेत, सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये राहतात. मुलगा टेलिफोन खात्यात आहे." त्या थांबल्या. "आता येतात की नाही कोण जाणे."

नगरकरांना प्रश्न विचारणं जमत नसे. ते समोरच्याकडे बघत बसायचे, आणि शांतता असह्य होऊन समोरचा बोलायला लागायचा. दवाखान्यात त्यांचं निदान याच्याच जोरावर चालत असे.

"आमच्या नणंदबाई, कुसुमताई, काय म्हणतात ते कळलंच असेल तुम्हाला," वहिनी म्हणाल्या. "मी भावजींना झोपेचं काही देते म्हणे. पाहुण्यांसमोर यायला नकोत म्हणून."

नगरकरांनी चष्मा पुसायला घेतला.

"दिलं नाही मी. पण खरं सांगू? मागल्या महिन्यात मेश्रामांचा पहिला फोन आला तेव्हा भावजी भरदुपारी गाढ झोपले होते. उशी लाळेने ओली. आणि मला वाटलं, बरंय, असेच झोपू देत थोडे दिवस. म्हणून मी ह्यांच्याकडे बोलले नाही. ते ऑफिसातून येतात तेव्हा तसंही जेवून झोपायचीच वेळ. बोलले असते तर..." त्यांनी पदर तोंडाला लावला. तेवढ्यात पंखा मंदावला आणि थांबला.

"गेले लाइट. बघा, हे इथलं. चहा अर्धवट राहिला." त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. मागची गॅलरी बंद केल्यामुळे तिथे दिवसाही अंधार होता, बैठकीतही जेमतेम उजेड. फडताळं उघडल्याचे आवाज आले. "काडेपेटी म्हणून जागेवर सापडेल तर शपथ. आधी बरं होतं, लाइट गेले की भावजींना हाक मारायची, त्यांच्या खिशात हमखास. आताशा तेही म्हणतात, वहिनी, नाहीये माझ्याकडे." शेवटी लायटरने शेगडी पेटवून त्यांनी तिच्यावर मेणबत्ती धरली आणि ती आणून टीपॉयवर चिकटवली.

त्या उजेडात बैठकीच्या दारात दादारावांची बहीण उभी होती. नागपूरहून आलेल्या कुसुमावती. हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा.

"हे बघा डॉक्टरसाहेब," त्या शांतपणे म्हणाल्या. "पुरावा."

४

डब्यात हॅलोपेरिडॉलच्या जुन्या पट्ट्या होत्या. त्यातली एक अर्धी रिकामी.

"वहिनीच्या पिठाच्या डब्यामागे होता. आता म्हणा, मी आग लावते घरात."

"ताई, दीड वर्षापूर्वीच्या आहेत त्या. औषध बदललं तेव्हा उरलेल्या. फेकायला जीव झाला नाही."

"फेकायला झाला नाही, वापरायला झाला."

"तुम्ही आलात दहा-बारा दिवसांपूर्वी. मी इतकी वर्षं करतेय त्यांचं. एकदा तरी बोलावलंत का हो नागपूरला, चार दिवस?"

कुसुमावतींचा चेहरा पडला, पण आवाज नाही. "आता नेतेच. सोमवारी त्याला घेऊन जाते. तिथे मोठ्या दवाखान्यात भरती करीन. निदान कुणी चोरून तरी देणार नाही."

नगरकरांनी पट्टी मेणबत्तीजवळ नेली, चष्मा वर केला, खाली केला. त्यांना बोलायचं होतं, पण आपण चुकत असलो तर, या विचाराने त्यांनी आधी तीनदा 'म्हणजे' म्हटलं.

"म्हणजे, मला वाटतं, हे नसावं. या गोळ्या त्याला आम्हीच द्यायचो. आठवतंय ना कसा व्हायचा? ताठ. पेला धरला की पाणी सांडायचं. काल मी त्याचा हात हातात घेऊन पाहिला. कोपर सैल होतं, बोटं स्थिर. ह्या गोळ्या पोटात असत्या तर अंगाने सांगितलं असतं."

"मग?" कुसुमावती म्हणाल्या.

"मग जे जास्त झालंय ते नव्या औषधाचंच. आणि त्याची एकही गोळी जास्त गेलेली नाही."

हे बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. दोन्ही बायका त्यांच्याकडे बघत राहिल्या. जे औषध जास्त दिलंच नाही ते जास्त झालं होतं.

दुपारी समताने त्यांना बसस्टॉपपर्यंत सोडलं. ती नोएडातच एका नव्या कॉम्प्युटर कंपनीत लागली होती, गळ्यात ओळखपत्राची पट्टी शनिवारीही होती.

"डॉक्टरकाका, आत्या म्हणते तसं आईने नाही केलं. आई बोलून दाखवते, यार, ती मनात ठेवत नाही."

"हं."

"आणि बाबा तर बिल्कुल नाही." तिने गळ्यातली पट्टी बोटाभोवती गुंडाळली. "मेश्रामांना मी स्वतः सांगणार होते काकांबद्दल. लपवून लग्न कशाला करायचं? आई म्हणाली, आधी बघून तर जाऊ देत. काका इतके छान झाले होते या उन्हाळ्यापर्यंत. मला जावास्क्रिप्ट शिकायला मदत करायचे, पुस्तकावरून. आणि आता तर खोकलासुद्धा गेला होता त्यांचा."

"कुठला खोकला?"

"तो सकाळचा. किती वर्षं होता, आजूबाजूचे लोक उठायचे त्याने. तेवढं एक तरी चांगलं झालंय, असं म्हणत होते मी." ती हसली, आणि मग एकदम थांबली, जणू काही जास्त बोलून गेली. "बस आली, काका."

बसमध्ये बसल्यावर नगरकरांना वाटलं, आपल्या हातात काहीतरी येऊन पडलं आहे. काय, ते मात्र कळत नव्हतं.

५

घरी न जाता ते वॉर्डात गेले. प्रफुल्ल उशीला टेकून बसला होता. एक दिवस औषध बंद, तर डोळे उघडले होते, लाळ कमी झाली होती.

"डॉक्टरसाहेब. तुम्ही कशाला एवढ्या लांब."

"मला काय काम असतं? कसं वाटतंय?"

"विहिरीतून वर आल्यासारखं." तो हळू बोलत होता, पण त्याच्या जुन्या सावकाश, नीट पद्धतीने. "ताई वहिनीला बोलते. डॉक्टर दादाला. दोघांनीही काही नाही केलं."

"ठाऊक आहे मला."

"सोमवारी औषध बदलणार का?"

नगरकरांना खोटं बोलता येत नसे, म्हणून ते त्याच्या हाताकडे बघत राहिले. डाव्या अंगठ्याच्या नखाला चुना लागला होता.

"तंबाखू इथेही?"

प्रफुल्ल ओशाळून हसला. "वॉर्डबॉय बिहारचा आहे. चिमूटभर देतो. कुणाला सांगू नका."

उजवा हात चादरीवर पालथा होता. पहिल्या दोन बोटांची कातडी वर्षानुवर्षांच्या बिडीने हळदीसारखी पिवळी असायची, ती आता फिकी होती. आणि नखं विचित्र होती. टोकाकडचा भाग गडद तपकिरी, मुळाकडचा स्वच्छ गुलाबी, आणि मधे पट्टीने आखावी तशी सरळ रेघ. असं नख नगरकरांनी आधी कुठेतरी पाहिलं होतं. त्यांनी आठवायचा प्रयत्न केला आणि नेहमीप्रमाणे आठवलं नाही.

"डॉक्टरसाहेब," प्रफुल्ल म्हणाला, "ते दोघं अजून आलेले नाहीत. पण मी वाट बघतोय असं वाटतं. तेच वाईट आहे."

६

संध्याकाळी मुनिरक्यातही लाइट गेले. नगरकरांनी चाचपडत देवळीतली काडेपेटी काढली, काडी ओढली, आणि त्या भडक्यात त्यांना स्वतःच्या हाताची नखं दिसली.

काडी बोटापर्यंत जळत आली तरी ते तसेच उभे होते.

लाइट गेले की भावजींच्या खिशात काडेपेटी हमखास. आताशा नसते. बिडी ओढणाऱ्या माणसाच्या खिशात काडेपेटी नसते?

दुसरी काडी ओढून त्यांनी मेणबत्ती लावली आणि खुर्चीत बसले. नख मुळातून वाढतं. वाढलेला भाग स्वच्छ असेल तर तो वाढत असताना बोटांत बिडी नव्हती. रेघेपर्यंतचं अंतर सांगत होतं, साधारण दीड महिना. खोकला गेला. कातडी फिकी पडली. वास मात्र तसाच राहिला, कारण तंबाखू तोंडात होती. म्हणून दादारावांना संशय आला नाही, आणि ते डॉ. माथुरना प्रामाणिकपणे चूक सांगून मोकळे झाले.

ठीक. पण बिडी सोडली म्हणून माणसाला फिट कशी येईल?

आणि मग त्यांना ते दुसरं नख आठवलं. दवाखान्यातल्या एका दमेकऱ्याचं. कारकून होता, रोज पाकीटभर सिगारेट ओढायचा. थिओफायलिनची गोळी त्याला कायम जास्त लागायची. मुलीच्या लग्नाआधी त्याने सिगारेट सोडली, आणि पंधरवड्यात उलट्या, धडधड, हात कापणं घेऊन दारात हजर. गोळी तीच, माणूस तोच. नगरकरांनी तेव्हा पुस्तक काढून पाहिलं होतं. धुरातल्या काजळीने यकृत चेव येऊन कामाला लागतं आणि काही औषधं झपाट्याने जाळून टाकतं. धूर थांबला की यकृत निवांत होतं, आणि तेवढीच गोळी अंगात साचत जाते. हे तंबाखूचं काम नव्हे, धुराचं. चघळणाऱ्याला लागू नाही.

क्लोझापीनलाही ते लागू असेल का? त्यांना ठाऊक नव्हतं. ते दम्याचे डॉक्टर. उद्या आपण त्या पोरीसारख्या डॉक्टरसमोर जाऊन बिडीच्या गोष्टी सांगायच्या आणि तिने हसायचं. त्यांनी फोनकडे पाहिलं. घसा साफ केला. मग प्रफुल्लचं ते वाक्य आठवलं, मी वाट बघतोय असं वाटतं, आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा अनोळखी डॉक्टरच्या घरी फोन लावला.

नख, खोकला, काडेपेटी आणि तो दमेकरी, सगळं त्यांनी एका दमात सांगून टाकलं.

"सर," डॉ. माथुर म्हणाल्या, "उद्या लायब्ररी बंद असते. पण माझ्या सरांच्या घरी जर्नल्स आहेत. मी बघते."

७

सोमवारी डॉ. माथुरच्या खोलीत सहा माणसांना बसायला चार खुर्च्या होत्या. कुसुमावती पिशवी भरून आल्या होत्या. आगगाडीचं तिकीट त्यांच्या पर्समधून डोकावत होतं. प्रफुल्ल पलंगावरच्या चादरीत गुंडाळल्यासारखा दादारावांशेजारी बसला होता.

"तुम्ही सांगा, सर," डॉ. माथुर म्हणाल्या.

नगरकरांनी भिंतीकडे बघून सुरुवात केली.

"म्हणजे, आपण सगळे विचारत होतो की जास्त औषध कुणी दिलं. कुणीच दिलं नाही. गोळ्या मोजल्या, त्या बरोबर होत्या. जुन्या गोळ्यांनी तो ताठ झाला असता, तसा झाला नाही. तेव्हा आत जाणारं औषध तेवढंच होतं. मग बाहेर जाणारं कमी झालं असलं पाहिजे." ते भिंतीकडून वळले. "प्रफुल्ल, हात दाखव."

प्रफुल्लने उजवा हात पुढे केला. नगरकरांनी नखावरची रेघ दाखवली.

"या रेघेच्या पुढे बिडी आहे, मागे नाही. गेल्या आषाढी पौर्णिमेच्या आसपास तू बिडी सोडलीस. बरोबर?"

दादाराव वळून भावाकडे बघू लागले. "सोडलीस? आणि वास?"

"तंबाखूचं बोलणं झालं नव्हतं," प्रफुल्ल अपराध्यासारखा म्हणाला.

"कुणाशी?"

त्याने हात चादरीत ओढून घेतला. पण समता उठून उभी राहिली होती.

"माझ्याशी," ती म्हणाली. "पौर्णिमेला वर्षावासाचे तीन महिने सुरू झाले, त्या दिवशी आम्ही विहारात गेलो होतो. सगळे काही ना काही सोडत होते. मी काकांना म्हटलं, पंचशील घेता ना, मग बिडी सोडा. माझी शपथ घातली. आश्विन पौर्णिमेला तुम्हाला सगळ्यांना सांगणार होतो, सरप्राइज म्हणून." तिचा आवाज घसरला. "त्याचा काय संबंध?"

डॉ. माथुरनी फाइलमधून झेरॉक्सचे दोन कागद काढले. "परदेशातली एक केस आहे. क्लोझापीनवर बरा झालेला पेशंट, सिगारेट सोडली, थोड्याच दिवसांत फिट. नगरकर सरांनी सांगितलं नसतं तर मी शोधलंच नसतं." मग त्यांनी दादारावांकडे पाहिलं. "गजभियेजी, मैंने आपको ग़लत समझा. माफ़ कीजिए."

दादारावांनी नुसता हात हलवला. कुसुमावती पर्सची चेन लावत, उघडत होत्या.

समता मात्र तशीच उभी होती. "म्हणजे मी केलं."

बसस्टॉपवर ती बोलता बोलता थांबली होती ते आठवून, हा क्षण येणार हे नगरकरांना दोन रात्री ठाऊक होतं. त्यांनी घसा साफ केला, पण बोलला तो प्रफुल्ल.

"पोरी, दुसऱ्या कुणी मला कधी काही सोडायला सांगितलं का? सगळे मला गोळी घे म्हणतात. तू एकटी म्हणालीस, तुला जमेल."

मग समता खुर्चीत बसली आणि नाक पुसत म्हणाली, "मी शपथ सोडवते. काका, तुम्ही ओढा परत."

"नाही, नाही," डॉ. माथुर आणि नगरकर एकदमच म्हणाले, आणि नगरकर लाजून थांबले.

"बिडी परत नको," डॉ. माथुर म्हणाल्या. "मी क्लोझापीन पुन्हा सुरू करते, आजपासून, थोड्यापासून. वाढवत नेऊ, पण पूर्वीएवढं लागणार नाही. फक्त एक. प्रफुल्लजी, धूर पुन्हा सुरू करावासा वाटला तर आधी मला सांगायचं. चोरून नाही. नाहीतर औषध जळून जाईल आणि..."

"ते दोघं येतील," प्रफुल्ल म्हणाला. "समजलं."

बाहेर पडताना कुसुमावती विनयावहिनींपाशी थांबल्या. तिकीट काढून हातात दिलं. "परत करायला लाव दादाला. आणि तो डबा फेकून दे बाई. मला बघवत नाही." जरा पुढे जाऊन त्या पुन्हा मागे वळल्या. "दिवाळीत या नागपूरला. सगळे."

८

मेश्राम मंडळी आश्विन पौर्णिमेनंतरच्या रविवारी आली. पांढऱ्या सोफ्यावरचं प्लास्टिक काढलं होतं. नगरकरांनाही आग्रहाने बोलावलं होतं. ते कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीत, कुणाच्या नजरेला येणार नाही असे बसले होते.

प्रफुल्ल बैठकीतच बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. झोपेत नव्हता, आणि लपवलेलाही नव्हता. विनयावहिनींनी सकाळी स्वतःच म्हटलं होतं, "भावजी, तुम्ही बाहेरच बसा." तरी त्या स्वयंपाकघराच्या दारातून सारख्या डोकावत होत्या.

मुलाचे वडील, अण्णासाहेब मेश्राम, गप्पिष्ट गृहस्थ होते. नोएडातल्या जागांचे भाव, टेलिफोनच्या नव्या लाइनी, दिल्लीचं पाणी, सगळं झालं. मग त्यांनी सवयीने सिगारेटचं पाकीट काढलं, एक ओठांत धरली आणि खिसे चाचपले.

"काडेपेटी कुणाकडे आहे का हो? तुमच्याकडे असेल." त्यांनी प्रफुल्लच्या बोटांवरचा उरलासुरला पिवळेपणा ओळखला होता.

"नाही," प्रफुल्ल म्हणाला. "मी सोडली."

"वा. कशी काय? आम्हाला तर जमत नाही."

"पुतणीने सोडवली. आता जवळ धूर नको म्हणतात डॉक्टर. मला पुन्हा ओढावीशी वाटेल. ओढली तर माझं औषध बिघडतं."

"कसलं औषध?"

समता ताठ बसली होती. दादारावांचा हात गळ्याकडे गेला. वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात थबकल्या.

"मला आवाज ऐकू यायचे," प्रफुल्ल म्हणाला. "नसलेल्या माणसांचे. स्किझोफ्रेनिया म्हणतात त्याला. औषधाने थांबले. रोज घ्यावं लागतं."

त्याने हे बूथवर दुधाचा भाव सांगावा तितक्या सरळ सांगितलं. नगरकरांनी मान खाली घातली. आपण काहीतरी म्हणावं, डॉक्टर म्हणून चार शब्द, असं त्यांना वाटलं, आणि घसाही साफ झाला, पण गरज नव्हती.

अण्णासाहेबांनी ओठांतली सिगारेट काढली. क्षणभर तिच्याकडे पाहिलं, प्रफुल्लकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. मग ती सांभाळून पाकिटात परत ठेवली आणि पाकीट खिशात.

"मग इथे नको," ते म्हणाले. "आणा वहिनी, चहा आणा. गार होईल."

विनयावहिनींनी ट्रे टीपॉयवर ठेवला. अण्णासाहेबांनी पहिला घोट घेतला आणि मान डोलवली.

"दाट झालाय. दूध कुठलं हो तुमच्याकडे? आमच्याकडे नुसतं पाणी येतं."

"आमचे प्रफुल्लभावजी आणतात," वहिनी म्हणाल्या. "रोज सकाळी. स्वतः जाऊन."